भोपळ्याला पहिली सुरी

जर्सी सिटी
९ ऑक्टोबर १९८२

आई,

मी दिगू. जिवंत आहे, धडधाकट आहे आणि नोकरीला आहे. आठ महिन्यांनी लिहितोय म्हणून तू आधी दोन पानं शिव्या लिहिशील. त्या लिहून झाल्या की खालच्या प्रश्नाचं उत्तर दे. घाई आहे.

इथे मी भाजीच्या गोदामात लागलोय. ट्रक आले की पेट्या उतरवायच्या. गेल्या शनिवारी गोदामात एक मराठी बाई आल्या, पद्मजाकाकू, इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सेक्रेटरी. त्यांना चोवीस भोपळे हवे होते, हॅलोविनचे, केशरी. मी मराठीत बोलून गेलो, "काकू, एवढ्या भोपळ्यांची भाजी खाणार कोण?" तिथेच माझं वाटोळं झालं. मराठी बोलणारा, अंगाने दणकट आणि भोपळे पोचवणारा माणूस एकाच जागी सापडल्यावर बाई सोडतात होय?

झालंय असं. शिकागोकडे डोकेदुखीच्या गोळ्यांत कुणी विष घातलं, ते तू पेपरात वाचलंच असशील. आता इथले आईबाप घाबरलेत. हॅलोविनला दारोदार जाऊन अनोळखी लोकांच्या गोळ्या-चॉकलेटं मुलांनी घ्यायची नाहीत म्हणे. पण पोरं ऐकतात का? म्हणून मंडळाने चर्चच्या तळघरातला हॉल घेतला. त्यात यंदा अधिक महिना आल्यामुळे कोजागिरी पण नेमकी एकतीस तारखेलाच आली. मग एकाच हॉलमध्ये दोन्ही सण. चाळीस पोरं, चोवीस कुटुंबं. आणि मला खेळांचा प्रमुख केलाय. प्रमुख म्हणजे मी एकटाच.

मला विटीदांडू येतो, लगोरी येते. भुताखेतांचे खेळ मला कुठले माहीत? तू हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डात दर वर्षी हॅलोविनची पार्टी करतेस. मागच्या वर्षी फुगे मीच फुगवून दिले होते. तर खेळ कोणते ते लिही. सोपं लिही, मला इंग्रजी यादी वाचता येत नाही हे तुला माहीत आहे.

दिगू


फ्रीमाँट
१३ ऑक्टोबर

दिगू,

शिव्या दोन पानं नाहीत, चार ओळी आहेत. फेब्रुवारीत फ्रिजवर 'जातो' एवढंच लिहून गेलास. संध्याकाळचा शाळेचा क्लास अर्धा टाकलास, बेकरीतली नोकरी टाकलीस. मग तुझ्या मामेभावाचा, अतुलचा, बेलव्ह्यूहून फोन आला की तीन आठवडे राहून तिथूनही न सांगता गेलास. तुझं एक काम शेवटपर्यंत गेलेलं मी बघितलं नाही. झाल्या शिव्या.

आता खेळ. टबात पाणी भरून सफरचंदं सोडायची, मुलांनी हात मागे धरून ती तोंडाने उचलायची. दोरीला डोनट टांगायचे, हात न लावता खायचे. दोन-दोन मुलांची जोडी करायची, एकाने दुसऱ्याला टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करायचं. डोळे बांधून वाडग्यात हात घालायचा: सोललेली द्राक्षं म्हणजे भुताचे डोळे, थंड शेवया म्हणजे आतडी. शेवटी प्रत्येक घराने आपापला भोपळा कोरायचा. लहानांना वेगळं बसव. बक्षीस सगळ्यांना दे, नाहीतर रडारड आवरताना तुला पळून जावंसं वाटेल, आणि पळायला तुला कारण लागत नाही.

दुसरी गोष्ट. कोजागिरीला थोरल्याला ओवाळायचं असतं. मी नर्सची नोकरी घेऊन इकडे आले तेव्हा तू तेरा वर्षांचा होतास. तेव्हापासून नऊ कोजागिऱ्या तुला न ओवाळता गेल्या. एकतीस तारखेला इकडे ये. विमानाचं तिकीट मी पाठवते. हो की नाही ते लगेच कळव.

आई


जर्सी सिटी
१७ ऑक्टोबर

आई,

तुझी यादी घेऊन कमिटीपुढे गेलो. यादीचं काय झालं ते ऐक.

सफरचंदं. पद्मजाकाकू म्हणाल्या, "म्हणजे एकाच पाण्यात सगळ्यांची तोंडं?" मी म्हटलं, हो. "आणि एकाने चावून सोडलेलं दुसऱ्याने चावायचं?" मी म्हटलं, तोच तर खेळ आहे. "अरे, मग ते उष्टं नाही का?" झालं. पाऊण तास उष्टं एके उष्टं. गुरुदत्तकाका मंडळाचे अध्यक्ष, पुलांचे इंजिनियर. त्यांनी डोकं चालवलं: प्रत्येक मुलाला वेगळं पातेलं, वेगळं पाणी, वेगळं सफरचंद. चाळीस पातेली! आई, छोट्या पातेल्यात एकच सफरचंद असलं की ते हलत पण नाही. पोरगं तोंड घालतं आणि उचलतं. त्याला खेळ म्हणायचं की नाश्ता?

डोनट. त्यात अंडं असतं, कोजागिरीचा दिवस, नको. त्याऐवजी जिलब्या. मी म्हटलं, पाक गळेल. गुरुदत्तकाका म्हणाले, "खाली पेपर अंथर." पोरांच्या डोक्यावर पण अंथरू का?

ममी. "संडासातला कागद तोंडाला गुंडाळायचा आणि मग त्याच पोरांना ओवाळायचं?" मी म्हटलं, काकू, कागद कोरा असतो. "कोरा असला तरी संडासातलाच ना!" मग जुन्या साड्या गुंडाळायच्या ठरल्या. एका पोरीला गुंडाळून बघितलं. भूत कसलं, बोहल्यावर उभी राहायला आलेली नवरी दिसत होती.

द्राक्षं तेवढी पास झाली, कारण ती भुताचे डोळे आहेत हे मी सांगितलंच नाही.

आणि भोपळे! चोवीस भोपळे मी उचलून आणणार, आणि आता म्हणे बायका कोरणार नाहीत. आख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नसते, थोरल्या पोराच्या जिवावर येतं. नागपूरची बाई तेच म्हणते, चिपळूणची तेच म्हणते. एरवी या दोघींचं मसाल्यावरून सुद्धा पटत नाही. त्यात थोरल्याला ओवाळायचा दिवस, मग तर बोलायलाच नको. पहिली सुरी पुरुषाने लावायची. मी म्हटलं, चोवीस नवरे आहेत की. सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या कुणी घरात कांदा सुद्धा चिरलेला नाही.

तुझ्या तिकिटाचं. तू म्हणतेस माझं एक काम शेवटपर्यंत जात नाही, आणि त्याच पत्रात म्हणतेस हे सोडून ये. एक काय ते ठरव. मी इथे हो म्हणून बसलोय. येत नाही.

आणि नऊ कोजागिऱ्या मोजल्यास म्हणून सांगतो. नवव्या कोजागिरीला, गेल्या वर्षी, मी तुझ्याच घरात होतो. तू डबल ड्यूटीवर होतीस. मी दूध आटवून ठेवलं होतं.

दिगू


फ्रीमाँट
२२ ऑक्टोबर

दिगू,

दूध मी सकाळी आल्यावर प्यायले. तू झोपला होतास. उठवलं नाही, एवढंच.

तुझ्या कमिटीच्या बायकांना माझा नमस्कार सांग, आणि सांग की भोपळा ही भाजी आहे. इतकी शिकलेली माणसं, आणि भोपळ्याला घाबरतात! मी वॉर्डात सात वर्षं भोपळे कापतेय. कुणाच्या थोरल्याला काही झालेलं ऐकलं नाही.

आता कामाचं. वरची चकती कापताना सुरी तिरकी धर, आतल्या बाजूला कलती. सरळ कापलीस तर झाकण आत पडतं. गर काढायला मोठे चमचे दे. लहानांच्या हातात सुरी अजिबात नको, त्यांनी खडूने तोंड काढायचं, मोठ्यांनी कापायचं. बिया फेकू नकोस, भाजून पोरांना खायला दे. जिलब्या आदल्या दिवशी आण, शिळ्या झाल्या की पाक कमी गळतो. पातेल्यांचा नाद सोड, सफरचंदं दोरीला टांग. प्रत्येकाचं वेगळं, कुणाचं कुणाला उष्टं नाही, आणि हलतात पण. एवढं डोकं तुझ्या पुलांच्या इंजिनियरला नाही का?

नाही यायचं तर नको येऊस. मी पण त्या दिवशी ड्यूटी घेतली आहे.

आई


जर्सी सिटी
२६ ऑक्टोबर

आई,

घे ड्यूटी. सवयच आहे तुला.

इथे माझं डोकं फिरलंय. काल तीन तास मीटिंग. विषय काय, तर मुखवटे घातलेल्या पोरांना ओवाळायचं कसं. कुंकू लावायचं ते कपाळाला की मुखवट्याला? एक जण म्हणाला, मुखवटे काढायला लावा. त्याचंच पोरगं कोपऱ्यातून ओरडलं, "नो वे, डॅड!" मग मतदान. मतदान, आई! कपाळाला चौदा, मुखवट्याला नऊ. एक बाई तटस्थ.

श्रीरंग म्हणून एक आहे, कॉम्प्युटरवाला. खेळांचं वेळापत्रक करून आणलं. सफरचंदाला अकरा मिनिटं, जिलबीला नऊ. मी विचारलं, रडायला किती? तर म्हणाला, "गुड पॉइंट," आणि लिहून घेतलं!

मॅनी म्हणून एक ट्रकवाला गोदामात येतो. ह्यूस्टनला त्याच्या भावाला माणूस हवाय. गरम हवा, मोकळं काम, मराठी मंडळ नाही. असेल तरी मी त्यांना पत्ता देणार नाही. शनिवारी, तीस तारखेला दुपारी ट्रक निघतो. पिशवी भरून ठेवली आहे. सकाळी चर्चमध्ये भोपळे टाकले की माझं काम संपलं. भोपळे आणतो म्हणालो होतो, भोपळे आणले. बाकीचं त्यांनी माझ्या गळ्यात घातलं, मी मागायला गेलो नव्हतो.

हे पत्र तुला शनिवारी मिळेल. तोवर मी वाटेत असेन. म्हणजे तुझंच खरं झालं. बस.

दिगू


जर्सी सिटी
१ नोव्हेंबर

आई,

गेलो नाही.

शनिवारी सकाळी भोपळे घेऊन चर्चमध्ये गेलो. पिशवी गाडीत होती. पद्मजाकाकूंची पोरगी दीपा तिथे एका खोक्यावर बसली होती, आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून एक मराठी शब्द काढत नाही. हातात पाटी, पाटीवर कागद. मी एकेक भोपळा ठेवला की ही त्यावर खडूने नंबर टाकायची. काय लिहिलंय म्हणून कागद बघितला. डावीकडे चोवीस आडनावं. उजवीकडे वर 'फर्स्ट कट', आणि खाली प्रत्येक आडनावापुढे 'दिगू काका'. चोवीस वेळा. एवढं इंग्रजी मला वाचता येतं. शाळेच्या हजेरीत सुद्धा माझं नाव सलग इतक्या वेळा कधी लागलं नव्हतं.

म्हटलं, "दीपा, मला यायला नाही जमलं तर?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बट आय रोट इट इन पेन."

मॅनीचा ट्रक गेला.

आता कालचं ऐक. पहिला घोटाळा घड्याळांचा. काल पहाटे हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे करायची होती. अर्ध्यांनी केली, अर्धे विसरले. तीनची पार्टी, तर बारा कुटुंबं दोनलाच हजर. मी स्टुलावर चढून सफरचंदं टांगतोय आणि खाली अठरा भुतं "वेअर आर द गेम्स?" करत नाचतायत. सफरचंदं टांगली हे बरं केलं, तुझं ऐकलं. पोरं दमेपर्यंत उड्या मारत होती. श्रीरंगची अकरा मिनिटं तिथेच संपली, तो घड्याळ दाखवत माझ्या मागे फिरत होता. मी त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून हात द्राक्षांच्या वाडग्यात घातला आणि सांगितलं, डोळे आहेत. किंचाळला. पोरांना तोच खेळ सगळ्यात आवडला, तिघांनी त्याला परत करायला लावलं.

जिलब्यांचं विचारू नकोस. शिळ्या आणल्या, तरी केसांत पाक तो गेलाच.

मग भोपळे. लांब टेबलं मांडली, प्रत्येक घरापुढे एक. नवरे मंडळी चहाकडे सरकली. गुरुदत्तकाका म्हणाले, "मी पुलाचा माणूस, माझं काम सिमेंटपर्यंत." श्रीरंगने कंपासने अचूक गोल काढला, सुरी खुपसली, ती अडकली, बोट कापलं. तेव्हा मी सुरी घेतली आणि एक नंबरपासून सुरुवात केली. तिरकी धरून, तू सांगितलंस तशी. एकही झाकण आत पडलं नाही.

बायका काय करायच्या माहीत आहे? मी पुढे आलो की भोपळ्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. झालं म्हटलं की वळायच्या. नागपूरच्या रेखाताई इथे मोठ्या हॉस्पिटलात सर्जन आहेत. मी म्हटलं, ताई, तुम्ही रोज माणसं उघडता, तुम्ही पण? म्हणाल्या, "माणसाला कापते रे. भोपळ्याला नाही बाबा," आणि त्यांनी पण पाठ केली.

दीपा कागदावर एकेक नाव खोडत माझ्याबरोबर चालत होती. सतराव्या भोपळ्यापाशी तिने विचारलं, बायका का नाही कापत? तिने इंग्रजीत विचारलं म्हणून मी पण माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, पम्पकिन इज लाइक बिग सन, मदर नॉट पुट नाइफ. तिने थोडा विचार केला आणि विचारलं, "सो हू कट्स इट फॉर युअर मॉम?"

मी अठरा नंबर घेतला.

साडेपाचला बाहेर पार्किंगमध्ये चंद्र आला. मोठा, केशरी, माझ्या गोदामातलाच एक वर टांगल्यासारखा. सगळ्या थोरल्यांना रांगेत पाटांवर बसवलं. एक चेटकीण, दोन सांगाडे, एक अंतराळवीर, एक साडीतली ममी. कुंकू मुखवट्यावर लागलं, मतदान फुकट गेलं. दीपा थोरली. तोंडाला हिरवा रंग, त्यावर कुंकू, वरून अक्षता. हसत नव्हती, पण ताठ बसली होती.

शेवटी पद्मजाकाकू माझ्याकडे वळल्या. "दिगंबर, तू पण थोरला ना? ये, बस. मीच ओवाळते."

मी म्हटलं, "नको काकू. माझी आई आहे."

"ती तिकडे लांब ना रे?"

"लांब आहे. पण आहे."

मी बियांची बादली उचलली आणि स्वयंपाकघरातल्या भट्टीकडे गेलो. बिया भाजल्या, वाटल्या, हॉल झाडला, टेबलं मिटली, किल्ली पाद्रीबाबाच्या हातात दिली. सात वाजले होते. म्हणजे काम शेवटपर्यंत गेलं, हे लिहून ठेव.

आता मला सांग. तुझ्या वॉर्डातल्या भोपळ्यांना पहिली सुरी कोण लावतं? तू सात वर्षं कापतेस म्हणालीस. खरं सांग.

दिगू


फ्रीमाँट
५ नोव्हेंबर

दिगू,

तुझं सव्वीसचं पत्र शनिवारी मिळालं. ह्यूस्टन नकाशात काढून बघितलं. मग पाच दिवस तो मिटून ठेवला नाही. आज हे पत्र आलं. असं पुन्हा करशील तर बघ.

खरं विचारलंस ना, मग ऐक. वॉर्डात मी भोपळे कापत नाही. पहिल्या वर्षी सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली. वॉर्डातल्या एका हमालाला म्हटलं, मनगट दुखतंय, तेवढी वरची चकती काढून दे. पुढच्या वर्षी पण तेच. सात वर्षं माझं मनगट फक्त ऑक्टोबरात दुखतं, हे आता सगळ्या वॉर्डाला माहीत आहे. रोज इंजेक्शनं देते, टाके काढते, कशाची भीती वाटत नाही. पण तू तिकडे आणि मी इकडे असताना त्या गोलावर सुरी टेकवायला हात व्हायचा नाही. तुझ्या बायकांना मी हसले. त्यांना माझा नमस्कार सांगितला नसशील, तर आता नीट सांग.

ड्यूटी पण खोटी. एकतीसची रजा मी पहिल्या पत्राच्या दिवशीच घेतली होती. तू नाही म्हणालास, तरी ती परत दिली नाही. निरांजन घासून ठेवलं होतं. एक भोपळा आणून दारात ठेवला होता. संध्याकाळी शेजारची दोन पोरं आपल्या बापाचं बोट धरून आली, एवढ्या घाबरलेल्या वर्षात सुद्धा. त्यांनी भोपळ्याकडे बघून विचारलं, "वेअर इज हिज फेस?"

मी म्हटलं, "हिज फेस इज इन न्यू जर्सी."

तिकीट सोबत आहे, तेरा तारखेचं. पंधराला दिवाळी. परत जायचं असेल तर जा, गोदामात सांगून ये आणि इथून निघताना मला सांगून जा. यायचं नसेल तर तसं लिही. फ्रिजवर लिहू नकोस, पत्रात लिही. कोजागिरी गेली ती गेली. मी पंचांग बघून आई झाले नाही, ज्या दिवशी येशील त्या दिवशी ओवाळीन.

भोपळा अजून आख्खा आहे. बूड जरा मऊ पडायला लागलंय, म्हणून आत आणून थंड फरशीवर ठेवलाय, रोज फिरवून ठेवते. तेरापर्यंत टिकेल. त्याच्या पुढचं सांगता येत नाही.

सुरीला धार लावून घेतली आहे.

आई